भुऱ्याला दिलेला शब्द

भुऱ्याला ‘हाव’ हा शब्द मी शिकवला, आणि ज्या पुस्तकाच्या जोरावर शिकवला ते अर्धंच वाचून शिकवला. अनुसयाबाईंविषयी लिहायचं तर खरं म्हणजे त्यांच्या शाळेविषयी, त्यांच्या वळणदार अक्षराविषयी, त्यांनी वाचनाला लावलेल्या पोरींविषयी लिहायला हवं. पण त्यांची आठवण काढायला बसलो की माझा हा पराक्रम आधी पुढे येऊन बसतो आणि हाकलला तरी हलत नाही. पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या वऱ्हाडात ‘हो’ला ‘हाव’ म्हणतात. पानी देऊ का? हाव. बाजारात चाल्ले का? हाव. झोपेत कूस बदलताना कुणी काही विचारलं तरी हाव. अख्ख्या भाषेतून कुत्र्याला शिकवायला मी नेमका हाच शब्द उचलला.

बाई गेल्याचं मला एस.टी.त कळलं. बुलढाण्याहून चिखलीला परत येत होतो. कंडक्टर ओळखीचा. तिकीट देता देता खाली वाकून म्हणाला, “मास्तर, बाई गेल्या सकाळी.” चिखलीत बायांना तोटा नाही, पण नुसतं ‘बाई’ म्हटलं की ती मुलींच्या शाळेतली अनुसयाबाईच, हे तिथे सगळ्यांना ठाऊक. त्या आजारी होत्या, आज ना उद्या हे ऐकायचंच होतं. तरी तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते असं : “अन् भुऱ्या?” वाकलेला कंडक्टर ताठ झाला. “मास्तर, मानूस गेलं अन् तुम्ही कुत्र्याचं इचारून राह्यले!” शेजारच्या बाकावरच्या म्हातारीनेही मान वळवून मला नीट पाहून घेतलं. त्या दोघांना काय सांगणार होतो... की बाईंशी माझा हिशेब त्या कुत्र्याच्या मार्फतच राहिलेला आहे, आणि तो एकटा पडला तर त्याला घरी आणायचं, असं मी केव्हाच मनाशी ठरवून ठेवलं आहे.

अनुसयाबाई ऐन उमेदीत विधवा झाल्या. माहेरी सोनाळ्याला जाऊन कोपऱ्यात बसण्याऐवजी त्यांनी ट्रेनिंग घेतलं, चिखलीत नोकरी धरली आणि भावाची मुलगी कुसुम शिकायला म्हणून जवळ ठेवून घेतली. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. आमची ओळख वाचनालयातली. नवं राज्य झालं तेव्हाचे ते उत्साहाचे दिवस. गावात वाचनालय होतं आणि त्याला ‘ग्रंथनिवड समिती’ अशा भारदस्त नावाची समिती होती. तिच्यात कामाला आम्ही दोघंच. बाई पुस्तक हातात घ्यायच्या, मधेच कुठेतरी उघडायच्या आणि उभ्या उभ्या दोन पानं वाचून मग बोलायच्या. मी वजन बघायचो. हे विनोदाने सांगत नाही. पुस्तक जाड असलं आणि पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं असली की माझा त्यावर विश्वासच बसायचा.

भुऱ्या पिल्लू असताना शाळेतल्या पोरींच्या मागे मागे आला आणि बाईंच्या दारात राहिला. भुरकट रंग, एक कान उभा, दुसरा आडवा, त्यामुळे तो सतत अर्धं ऐकतोय असं वाटायचं. स्वभावाने प्रेमळ, पण प्रेम अंगावर उडी मारून दाखवायचा आणि पोरींच्या हातातली भाकर ओढून घ्यायचा. एकदा अशा ओढाओढीत एका पोरीच्या बोटाला दात लागला. तिचा बाप आला आणि म्हणाला, “बाई, कुत्र्याले नेऊन सोडा कुठी, नाई तं मी सोडतो.” बाई म्हणाल्या, “जरा थांबा. शिकवते मी त्याले.” त्यांच्या शब्दाला मान होता, तो माणूस गेला. त्याच संध्याकाळी बाई वाचनालयात येऊन मला म्हणाल्या, “मास्तर, कुत्र्याले शिकवाचं पुस्तक भेटन का कुठी?”

अकोल्याच्या एका पुस्तकवाल्याला आम्ही कळवलं, त्याने दोन पुस्तकं पाहायला म्हणून पाठवली. एक मराठी, बारीकसं, पिवळट कागदाचं, गुरांच्या कुणा डॉक्टरने लिहिलेलं. चित्र नाही, रंग नाही. दुसरं इंग्रजी, चांगलं जाड, कोणा फौजी साहेबाचं. पहिल्याच पानावर साहेबाचा फोटो, गुडघ्यापर्यंत बूट, आणि बुटाशी पुतळ्यासारखा बसलेला कुत्रा. त्या कुत्र्याला पाहून मीच खुर्चीत सरळ बसलो. बाईंनी ते बारीक पुस्तक उघडून सवयीप्रमाणे दोन पानं वाचली आणि म्हणाल्या, “मास्तर, हा मानूस कुत्र्याजोळ खाली बसून लिहून राह्यला असं वाटते. हेच घ्या ना.” मी हसलो. काय हसलो ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. म्हटलं, “अनुसयाबाई, हे आपल्याकडचं ऐकीव ज्ञान. त्या लोकांचं काम शास्त्रोक्त असतं. मी वाचून सांगतो ना तुम्हाला.” बाईंना इंग्रजी बेताचं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, बारीक पुस्तक परत गेलं आणि जाडं माझ्या घरी आलं.

ते मी प्रस्तावनेपासून मोठ्या भक्तीने वाचायला घेतलं, आणि भक्ती तिसऱ्या प्रकरणात दमली. मग अनुक्रमणिका पाहून हवी ती पानं काढायची, तेवढीच डिक्शनरी घेऊन लावायची आणि बाईंच्या परसात जाऊन शिकवायची असा क्रम सुरू झाला. कुत्र्याला सोबत चालवण्याचा जो ‘हील’ असा हुकूम होता त्याचा डिक्शनरीत ‘टाच’ असा अर्थ निघाला; म्हणून मी आठवडाभर भुऱ्याला माझी टाच दाखवत परसातून फिरलो. तोही बिचारा दरवेळी ती हुंगून बघायचा. कुसुम तोंडात पदर कोंबून घरात पळून जायची. पुढे पुस्तकात असं आलं की, घास समोर ठेवून कुत्र्याला बसवावं, आणि एक ठरावीक, छोटा, मोकळा शब्द उच्चारल्यावरच त्याला खाऊ द्यावं. साहेबाने त्याच्या भाषेतला एक जुना, ठेवणीतला होकार वापरला होता. मी त्याचं सरळ भाषांतर केलं. “हाव!” बाई क्षणभर घुटमळल्या. “हा तं आपन दिवसभर म्हनतो, मास्तर.” मी म्हटलं, “म्हणूनच त्याला लवकर कळेल.”

आणि कळलाही. भुऱ्या हुशार होता, ही माझी आणखी एक अडचण. भाकरीचा तुकडा समोर ठेवला की बसायचा, तोंडातून लाळ गळायची, पण जागचा हलायचा नाही. बाई हलकेच “हाव” म्हणायच्या की उचलायचा. पोरींच्या हातची भाकर ओढणं थांबलं. घास समोर नसेल तेव्हा त्या शब्दाला त्याच्या लेखी काही किंमत नव्हती, त्यामुळे गावभर हाव-हाव चाललेलं असताना तो सावलीत खुशाल पडलेला असायचा. बोटाला दात लागलेल्या पोरीचा बाप येऊन पाहून गेला, मान हलवून गेला. मी गावात छाती काढून फिरू लागलो. वाचनालयात त्या जाड्या पुस्तकाला मी स्वतः कव्हर घातलं.

मग कुसुमला पाहायला अमडापूरची मंडळी आली. मुलगा, त्याचे वडील, एक मामा. कुसुमचे वडील दूर सोनाळ्याला, बाईंच्या घरी पुरुषमाणूस नाही म्हणून मला बोलावलेलं, आणि मीही कोट घालून गेलो. दुपारची वेळ, खाली सतरंजी, पाहुण्यांसमोर पोह्यांच्या ताटल्या, वर एकेक पेढा. दाराशी भुऱ्या बसलेला. मुलाच्या वडिलांनी ताटली जरा जवळ ओढून घेतली, तसा मी म्हणालो, “काळजी करू नका, आमचा कुत्रा शब्दाबाहेर नाही. ताट समोर असलं तरी तोंड लावणार नाही.” एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला! त्यांची ताटली उचलून मी थेट भुऱ्यापुढे सरकवली आणि म्हटलं, “बघा.” भुऱ्या बसला तो बसलाच. पाहुणे खूश. “वा! शिकलेला हाये,” मामा म्हणाले. मग मुलाच्या वडिलांनी समोर बसलेल्या कुसुमकडे वळून, अशा वेळी विचारतात तसं विचारलं, “सैपाक येते ना, बाई?”

आता आमच्याकडे पाहायला आलेल्या माणसांपुढे मुलीला बोलायचा असतो तो एकच शब्द. कुसुम खाली मान घालून तो बोलली.

भुऱ्याने पेढा उचलला, पोह्यांत तोंड घातलं, ताटली उलटी झाली. पाहुण्यांच्या अंगावर पोहे, मामा उभे, मी तर त्यांच्याही आधी उभा. आपली अब्रू गेली एवढंच मला दिसत होतं. शब्द त्याला मिळाला होता, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. डोक्यात आलं ते पुस्तकातलं पान, आणि तेवढं पान मात्र मी पाठ केलेलं होतं : अपराध होताच, त्याच क्षणी, मालकानेच शिक्षा करावी. खुंटीवरचा पट्टा काढून मी बाईंच्या हातात दिला. “मारा!” बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, “मास्तर, याले मारू?” शाळेत त्यांनी कधी छडी हातात धरली नव्हती. मी म्हणालो, “पुस्तकात आहे, बाई. उशीर केला तर त्याला कळणार नाही.” आणि बाईंनी मारलं.

भुऱ्या ओरडला नाही. त्याने बाईंकडे वर पाहिलं आणि तोंडातला अर्धा पेढा काढून त्यांच्या पायाशी ठेवला... मग पोट जमिनीला घासत पलंगाखाली गेला.  बोलली ती कुसुम, पाहुण्यांसमोर, मान वर करून. “आत्या, त्यानं चोरी नाई केली. मी हाव म्हनलं.”

बाईंच्या हातातून पट्टा खाली पडला तो आवाज मला अजून ऐकू येतो. त्यानंतर मुलाचे वडील पोटावरचे पोहे झटकत हसायला लागले. “पोरगी कुत्र्याची बाजू घेते. म्हातारपनी आमचीबी घेईन!” सोयरीक तिथल्या तिथे ठरली. पुढे कुसुमचं चांगलं झालं. तिच्या सासरी ही गोष्ट अजून रंगवून सांगतात, आणि मीही कित्येक वर्षं ती चार लोकांत सांगून हशा मिळवला. त्या दुपारी सगळ्यांचंच भलं झालं, एका भुऱ्याचं सोडून. म्हणून मी ती गोष्ट सांगताना नेहमी सोयरिकीपाशी थांबायचो. पलंगाखाली जायचो नाही.

कारण त्या दिवसानंतर भुऱ्या ‘हाव’ ऐकला की पलंगाखाली जाऊ लागला. घास समोर असो नसो, कोणीही म्हणो. दूधवाला म्हणाला, शेजारीण म्हणाली, रस्त्याने जाणारा कोणी हसून मोठ्याने म्हणाला, की हा कान पाडून आत. मी वाचनालयात बसून ते पुस्तक पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं. ज्या पानाचा कोपरा मी दुमडला होता त्याच्या पुढच्याच पानावर साहेबाने बजावलं होतं की हुकमासाठी घरात रोज बोलला जाणारा शब्द कधीही घेऊ नये. पुस्तकात जे बरोबर होतं ते मी वाचलं नव्हतं, आणि जे चूक होतं ते पाठ केलं होतं. हे सांगायला बाईंकडे गेलो, आणि म्हटलं, आपण त्याला दुसरा एखादा शब्द देऊन बघू. बाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर माझं काम सोपं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, “नका मास्तर. आता त्याले कोनताच शब्द नका देऊ तुम्ही.”

आणि स्वतः त्यांनी तो शब्द सोडला. जन्मभराचा शब्द, सोनाळ्यात आईच्या तोंडून शिकलेला. घरात ‘हो’ म्हणू लागल्या. पहिले काही दिवस त्यांच्या तोंडी तो शब्द दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखा वाटायचा. भाजीवाली विचारायची, मेथी घेता का बाई. तर नुसती मान हलवायच्या. गाव कुजबुजू लागलं की बाईंना शिष्टपणा आला. त्यांचा भाऊ सोनाळ्याहून आला तेव्हा अंगणातूनच ओरडला, “काऊन वं अनुसे, पुन्याची झाली का तू?” बाई हसल्या, म्हणाल्या, “घरात मोठं मानूस हाये रे, त्याले चालत नाई.” येणाऱ्या प्रत्येकाला फाटकातच सांगायच्या. लोक हसायचे आणि पाळायचे. मी तर फाटकाच्या कडीला हात लावला की तो शब्द दाताखाली धरूनच आत जायचो. कधी अर्धा ‘हा...’ निघून जायचा आणि मी त्याचा खोकला करायचो. बाई ओठ दाबून दुसरीकडे बघायच्या.

ते बारीक पुस्तक त्यांनी पुन्हा अकोल्याहून मागवून घेतलं, स्वतःसाठी. त्यात मारायचं पान नव्हतंच. कुत्र्याचं चुकलं असं वाटलं तर आधी आपण काय बोललो, कुठे उभे होतो, त्याने काय ऐकलं असेल ते आठवून पाहा, असं त्या डॉक्टरने साध्या भाषेत लिहिलं होतं. त्याप्रमाणे बाई रोज भुऱ्याजवळ खाली बसायच्या, हातावर घास धरून, एकही शब्द न बोलता. किती दिवसांनी कोण जाणे, पण तो परत त्यांच्या हातातून खाऊ लागला. फक्त त्या शब्दाची भीती गेली नाही. तेव्हापासून समितीत बाईंची एक रीत झाली. पुस्तक कुत्र्याचं असो, पोरं वाढवण्याचं असो की शेतीचं, त्या आधी चूक झाली तर काय करावं ते पान शोधायच्या. “चुकलं तर आदी कोनाकडे बोट दाखवून राह्यला हा लेखक, तेवढं पाहून घ्या मास्तर. मुक्या जिवाकडे दाखवत असन तं ठेवून द्या खाली.” शिक्षणशास्त्राचे मोठे मोठे ग्रंथ त्यांनी या एका कसोटीवर परत पाठवले. मी वजन बघणं सोडलं... म्हणजे त्यांच्यासमोर सोडलं.

शेवटची भेट त्यांच्या घरीच झाली. पलंगावर उशीला टेकून बसलेल्या, फार वाळलेल्या. भुऱ्या, तोही आता म्हातारा, तोंडाभोवती पांढरा, पलंगाच्या पायाशी. त्यांनी विचारलं, वाचनालयात नवीन काय आलं. मी एका नव्या पुस्तकाची स्तुती सुरू केली. मधेच हात वर करून म्हणाल्या, “पूर्न वाचलं का?” सवयीने ‘हा...’ निघाला, मी खोकलो आणि म्हणालो, “हो.” बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पाणी दिलं. मग म्हणाल्या, “मास्तर, तुम्ही खोटं बोलता तवाच ‘हो’ म्हनता.” पुस्तक खरोखरच अर्धंच वाचलेलं होतं. निघताना मी भुऱ्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याने ठेवू दिला, पण डोळे बाईंकडेच होते.

दिवसकार्य उरकल्यावर गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो. कुसुम अमडापूरहून आवराआवर करायला आली होती. पलंगावरची गादी गुंडाळून ठेवलेली, खुंटी रिकामी. त्या दुपारनंतर त्या खुंटीला बाईंनी काहीच अडकवलं नव्हतं, पिशवीसुद्धा नाही. कुसुमने चहा टाकला, ते बारीक पुस्तक माझ्या हातात आणून दिलं आणि म्हणाली, “हे वाचनालयात ठेवा, आत्यानं सांगतलं होतं.” भुऱ्या फाटकाकडे तोंड करून बसलेला. मी चहा संपवला, घसा साफ केला आणि कित्येक दिवस घोकलेलं बोललो. म्हटलं, कुसुम, भुऱ्याला मी नेतो. त्याच्यावर अन्याय झाला तो माझ्यामुळे, आता उरलेले दिवस तरी माझ्या अंगणात सुखाने काढू दे. हे सगळं पुस्तक मी आधी पूर्ण वाचतो.   कुसुमने पदराने डोळे पुसले.

“खरंच सांभाळसान ना, मास्तर, त्याले?”

मी छातीवर हात ठेवला आणि जीव ओतून म्हणालो, “हाव!”

भुऱ्या उठला. म्हातारे पाय ओढत माझ्या बाजूने गेला आणि त्या रिकाम्या पलंगाखाली जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला.

कुसुमने माझ्या हातातली कपबशी काढून घेतली. “राहू द्या, मास्तर. माह्यासंगं अमडापूरले येईन तो. तुमच्याच्यानं एक शब्द सांभाळल्या जात नाई, कुत्रं काय सांभाळसान!”